ओट्याखालचा बर्फ कारखाना

रत्नागिरीत स्वयंपाकघराची कपाटे करून घेण्याचा सरळ मार्ग असा, की दुकानात जावे, सनमायक्याचा रंग सौभाग्यवतींना निवडू द्यावा, आगाऊ रक्कम मोजावी आणि दिवाळीपर्यंत वाट पाहावी. आमच्या दुर्दैवाने सौभाग्यवतींच्या बहिणीचा मुलगा पुण्याला आर्किटेक्चर शिकतो. वाळवीने पोखरलेले आमचे फडताळ पाहताच त्याने जाहीर केले, की नवे लाकूड घेणे हा निसर्गावर अन्याय असून कपाटे बंद पडलेल्या कारखान्यांच्या सामानातूनच झाली पाहिजेत.

प्रथम त्याला रेल्वेचे लाकडी स्लीपर हवे होते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली ती काँक्रीटच्या स्लीपरांवर, तेव्हा तो माल घाटावरूनच मागवावा लागणार होता. नमुन्याचा तुकडा आला, तो मिस्त्रींनी नाकाशी नेला आणि तितक्याच तत्परतेने दूर धरला. चीड-देवदारासारखे मऊ लाकूड किडू नये म्हणून स्लीपरांना क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले विषारी तेल, पाजलेले असते. "मास्तर, ह्याला वाळवी शिवायची नाही," मिस्त्री म्हणाले, "पण तुम्हीही शिवू नका."

मग भाच्याला बंदराकडचा एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना सापडला. अशा कारखान्यात मिठाच्या पाण्याचे मोठे टाके असते; अमोनियाच्या नळ्यांनी ते पाणी शून्याखाली थंड करतात, आणि मिठामुळे ते स्वतः गोठत नसले तरी त्यात सोडलेल्या पत्र्याच्या डब्यांतले गोडे पाणी गोठून त्याच्या लाद्या होतात. टाक्यावर जाड लाकडी झाकणे असतात. भाच्याने झाकणांची दारे आणि डब्यांचे ड्रॉवर असा आराखडा काढला, आणि संगणकावर तो इतका देखणा दिसला की सौभाग्यवतींनी तो भिशीच्या मैत्रिणींना दाखवूनही टाकला.

डब्यांचा स्वभाव मात्र संगणकाला कळला नव्हता. लादी सहज निसटावी म्हणून बर्फाचा डबा तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता करतात, त्यामुळे तो आडवा ठेवला की त्याची कुठलीच बाजू गुण्यात बसत नाही. मिस्त्रींनी प्रत्येक डब्याखाली पाचर मारून तो समतल केला, तर दोन डब्यांच्या मध्ये मांजर बसेल एवढी जागा उरली, आणि तिथे मांजरच बसू लागले. शिवाय पत्र्यावर जस्ताचा मुलामा, त्याचे आंबटाशी वाकडे. म्हणजे ज्या घरात आमसुले, चिंच आणि लोणच्याखेरीज साठवण्यासारखे फारसे काही नाही, तिथे या तीनही वस्तूंना आधी काचेच्या बरणीत घालून मग त्या डब्यात ठेवायचे. जिथे डबा कापला होता, तिथला उघडा पोलादी काठ खाऱ्या वाऱ्याने आठवडाभरात तांबडा केला.

तरी डबे परवडले. झाकणांत जुने खिळे इतके खोल रुतलेले होते, की लोहचुंबक फिरवून ते हुडकल्याशिवाय मिस्त्री रंध्याला हात लावीनात. खिळे उपटून, रंधून, पॉलिश करून दारे बसली ती भर मे महिन्यात, आणि अशी झुळझुळीत उघडत होती की मीही आल्यागेल्याला ती उघडून दाखवू लागलो. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि दारांना घाम फुटला. वर्षानुवर्षे मिठाचे पाणी प्यायलेले ते लाकूड हवेतला दमटपणा ओढून घेत होते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ओढायला दमटपणाची ददात नव्हती. पॉलिशवर फोड आले, फोडांतून पाणी ठिबकू लागले, दारे फुगून चौकटीत घट्ट बसली. मांजर ड्रॉवरमधली जागा सोडून दारे चाटायला लागले. मिस्त्रींनी बोट लावून चव पाहिली आणि निदान केले, "मास्तर, हे लाकूड अजून ड्यूटीवर आहे."

भाच्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काका, साहित्याचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच." सौभाग्यवती तेव्हा खलबत्त्याच्या दांड्याने मसाल्याच्या कपाटाचे दार ठोकून उघडत होत्या, म्हणून ते वाक्य मी त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही.

अखेर मिस्त्रींनी आपल्या परसातल्या पडलेल्या फणसाचे लाकूड कापून नवी दारे केली आणि पावसाळ्यात फुगण्यासाठी चौकटीभोवती रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट मोजून सोडली. फणसही टाकाऊच होता, अशी भाच्याची समजूत घालण्यात आली. झाकणांची दारे सध्या पडवीत भिंतीला टेकून ठिबकत आहेत. भाच्याचे लग्न ठरले, की ती त्याच्या नव्या फ्लॅटसाठी आहेर म्हणून पाठवायची, असे सौभाग्यवतींनी पक्के केले असून पुण्याच्या कोरड्या हवेत ती इतकी ठिबकणार नाहीत, असे मिस्त्रींनी सांगितल्यापासून त्यांचा थोडा विरस झाला आहे.