सर्वांचे सहर्ष स्वागत, नेहमीच्या वेळी

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की मंडळीच्या कमिटीला एकच धास्ती असते: नाताळच्या रात्री अनोळखी माणसं देवळात शिरणार. गव्हाणी बघायला आलेलं शेजारच्या सोसायटीतलं कुटुंब, नोकरीसाठी जालन्याहून पुण्यात आलेला तरुण, वीस वर्षांपूर्वी रुसून गेलेल्या घराण्याची नवी सून, सगळे एकाच रात्री. घाबरू नका. बंदोबस्त वेळीच केलात तर यातलं एकही तोंड जानेवारीच्या पहिल्या रविवारी पुन्हा दिसायचं नाही.

सुरुवात पोस्टरपासून करा. वर तारा, खाली मेंढरं, आणि मधली सगळी जागा कमिटीच्या सभासदांच्या फोटोंना. पाळकसाहेबांचा फोटो मोठा, खजिनदारांचा त्याहून किंचित लहान. हे माप चुकलं तर पुढची निवडणूक जड जाते. मजकूर एवढाच: ‘ख्रिस्तजयंतीची उपासना नेहमीच्या वेळी, नेहमीच्या ठिकाणी. सर्वांचे सहर्ष स्वागत.’ नेहमीची वेळ ज्याला ठाऊक आहे त्याला पोस्टर लागत नाही आणि ज्याला पोस्टर लागतं त्याला नेहमीची वेळ ठाऊक नसते, ही या वाक्याची खरी ताकद. 24 तारखेची रात्रीची उपासना, 25 ची सकाळची आणि 31 ची वर्षअखेरची, तिन्हींच्या वेळा वेगळ्या असल्या तरी मोबाइलच्या नकाशावर फक्त रविवारचीच वेळ राहू द्या. गाडी कुठं लावायची, चपला बाहेर काढायच्या की नाही, डोक्यावर पदर घ्यायचा का, उपासना किती वेळ चालते, पोराला रडू आलं तर कुठं न्यायचं, या पाच प्रश्नांची उत्तरं चुकूनही छापू नका. नवखा माणूस घरून निघण्याआधी नेमकं हेच विचारत असतो. उत्तर नाही मिळालं की निम्मे तिथंच गळतात.

उरलेल्यांसाठी दरवाजा. उपासनेआधी अर्धा तास दोन हसतमुख माणसं फाटकावर उभी राहिली तर सगळा डाव फसेल. म्हणून चार स्वयंसेवकांना बिल्ले द्या आणि चौघांनाही आतल्या साऊंड सिस्टिमपाशी उभं करा. मागची दोन बाकं मोकळी ठेवण्याचा मोह टाळा. उशिरा येणारा बिचकतच येतो, त्याला थेट पुढं, गायनमंडळीसमोर बसवावं, म्हणजे कधी उठायचं आणि कधी बसायचं हे बघायला त्याच्यापुढं कुणीच नसेल. आणि तो चुकून एखाद्या मावशींच्या बाकावर बसलाच, तर मावशींनी काही बोलायची गरज नाही. नुसतं शेजारी येऊन उभं राहावं.

आता गीतं. इथं खरा धोका आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं अभंग-ओवीच्या वळणाची. पंढरीच्या वारीला जाणाऱ्या घरातला माणूससुद्धा दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका धरतो. तेव्हा ती टाळून इंग्रजी कॅरोलचं ओढूनताणून केलेलं भाषांतर घ्या, पट्टी अशी की सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यांत उंच गाणाऱ्या बाईचाही श्वास कोंडावा. गीतांचे नुसते क्रमांक फळ्यावर लावा. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक प्रत्येकाच्या घरी असतंच ना! एक ए-फोर कागद दुमडला की चार पानं होतात, त्यात रात्रीची पाच गीतं आणि प्रभूची प्रार्थना मावते, शंभर प्रतींचा खर्च मांडवाच्या एका झालरीएवढा. हा हिशोब कमिटीत कुणी मांडला तर त्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणा.

घोषणांच्या वेळी फर्मान सोडा: ‘जे पहिल्यांदा आलेत त्यांनी उभं राहून आपली ओळख करून द्यावी.’ मोठा नामी उपाय. लाजाळू माणूस पुन्हा फिरकत नाही. नाव सांगितल्यावर लगेच ‘आडनाव?’ आणि त्यापाठोपाठ ‘मूळचे कुठले?’ एवढं विचारलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. समोरच्याला बरोबर कळतं आपण काय मोजतो आहोत ते.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, दोन वाक्यं पुरतात: कुणी पुढं यावं, कुणी जागीच बसून राहिलं तरी चालेल. ती बोलू नका. दानाची थैली पाहुण्यांनी नुसती पुढं सरकवली तरी चालते, हेही सांगू नका. कॅथलिक देवळात तर याहून गंमत होते. रांग लागली म्हणून शेजारचे काका रांगेत उभे राहतात, ‘ख्रिस्ताचे शरीर’ ऐकून नमस्कार करतात आणि मिळालेली भाकर रुमालात बांधतात. घरी आईला प्रसाद न्यायचा असतो. त्यांच्या दृष्टीनं यात अदबच आहे. पण ती भाकर तिथल्या तिथं खायची असते. मग फादर वेदीवरून बघतात, सेवक मागं धावतो, भरल्या देवळात खिसा रिकामा करायला लावतो. दोन वाक्यांनी जे टळलं असतं ते काका आयुष्यभर सांगतात.

गव्हाणीपाशी मात्र फोटो हवेतच. शेजारचं ते कुटुंब मेंढपाळाशेजारी उभं करा, फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, ‘यंदा बरेच नवीन आत्मे आले, प्रभूची स्तुती असो.’ ते बिचारे केक खायला आले होते. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पोचला की धर्मांतराचा बोभाटा होतो आणि पुढची बोलणी चौकीत होतात.

पाठपुरावा विसरू नका. वहीत नंबर घ्या. दोन दिवसांत एकाच माणसानं ‘आलात, बरं वाटलं’ असा एक निरोप धाडणं फारच कंजूषपणाचं. चार ग्रुपांत घाला, पहाटे पाचपासून वचनं पाठवा. नाहीतर वही कपाटात ठेवा आणि किल्ली जुन्या सेक्रेटरींकडं.

एवढ्यावरही कुणी चिवट निघाला तर उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आहेच. बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. मधल्या गीताच्या वेळी उठून जाता येतं, हे गुपित ठेवा. ईस्टरला आणखी सोपं. पहाटेची उपासना तुमच्याकडं दफनभूमीत होत असेल, तर पोस्टरवर ‘नेहमीच्या ठिकाणी’ हेच राहू द्या, म्हणजे नवखा माणूस पाच वाजता देवळाच्या कुलपापाशी उभा राहील. पोस्टरही नवं करायला नको. 2025 ला ईस्टर 20 एप्रिलला होता, 2026 ला 5 एप्रिलला. तारखेवर एक चिकटपट्टी मारली की झालं. पट्टी जरा तिरकी बसली तरी खजिनदारांच्या फोटोवर येऊ देऊ नका.