पेठेतलं मोठं घर आणि ब्रोकरचा पहिला प्रश्न

पुण्यात भाड्याने घर शोधताय आणि जागा ऐसपैस हवी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, आधी रास्ता पेठ, नाना पेठ, कॅम्प हा पट्टा बघा, वाकड-बाणेरचे टॉवर नंतर. आम्ही रास्ता पेठेत जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. लिफ्ट नाही, चारचाकीला जागा नाही, पण हॉल एवढा की लग्नसराईत पाहुणे आले की सगळ्यांच्या गाद्या एका ओळीत पडतात, छत उंच, रस्त्याच्या बाजूला लांब गॅलरी, आणि आईला स्वयंपाकघरात खाली बसून निवांत भाजी निवडता येते. तेवढ्याच भाड्यात तिकडे दोन छोट्या बेडरूम दाखवत होते. मात्र जुनी जागा घेताना पाणी किती वाजता येतं ते विचारा, वायरिंग एसीचा लोड घेईल का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि वरचा मजला असेल तर भर पावसात जाऊन गळती बघा, ब्रोकर उन्हाळ्यात सगळं कोरडंच दाखवतो.

पण मला खोल्यांपेक्षा इथली वस्ती जास्त प्रिय आहे. सरदार रास्त्यांच्या नावाची ही पेठ, आणि त्यातच १९२१ सालचं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू लोकांचं. थोडं पुढे कॅम्पात डेव्हिड ससूनने बांधलेलं लाल देऊळ, नावाने देऊळ पण हेही सिनेगॉगच, १८६७ चं. नाना पेठेत पारशांची अग्यारी, स्पेअर पार्टच्या दुकानांची गर्दी, जवळच पंचहौदचं चर्च. बोहरी, तमिळ, तेलुगू, मारवाडी, मराठी ख्रिश्चन सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. पेशवाई गेल्यावर इंग्रजांची छावणी पडली, तिच्या मागोमाग व्यापारी, कारागीर, नोकरदार आले, आणि यातले कितीतरी आधी भाड्याच्याच खोलीत राहिले असणार ना, कुणीतरी त्यांना जागा दिली म्हणून ते इथे टिकले.

आणि आज याच भागात घर शोधताना पहिला प्रश्न येतो आडनावाचा, दुसरा नॉनव्हेज खाता का. माझ्या ऑफिसातल्या एका मुस्लिम मैत्रिणीला फोनवर नाव सांगितल्यावर "जागा गेली" म्हणाले आणि तीच जागा संध्याकाळी मला दाखवली. मी ती घेतली नाही. मला याचा प्रचंड राग येतो आणि तो लपवायचा नाहीये.

१८९० मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी गेली, तिथे चहा ठेवला गेला, आणि ख्रिश्चनांकडच्या त्या चहावरून शहरात केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज ते वाचून आपल्याला कसंतरी होतं. मग भाडेकरूच्या ताटात काय आहे हे बघून दार बंद करणं वेगळं कसं?

मालकांची भीती मला कळते. जुन्या भाडे कायद्यात भाडी गोठली, दुरुस्तीला पैसे सुटेनात, कितीतरी वाडे त्यातच खचले. पण १९९९ च्या कायद्यानंतर लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीच्या कराराचा, रस्ता आहे, बहुतेक जण अकरा महिन्यांचं करतात, रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ते करा, डिपॉझिट घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, आधीच्या मालकाला फोन करून हा माणूस भाडं वेळेवर देतो का विचारा. एवढं केल्यावर जातीधर्माचं काय काम उरतं?

आमच्या बिल्डिंगमध्ये दिवाळीनंतर एक मोठी जागा रिकामी होतेय. मालक काकांशी बोललोय, भाडं वेळेवर आणि रात्री उशिरा आवाज नको एवढ्याच त्यांच्या अटी आहेत. दुसरा मजला, जिना चढायची तयारी हवी. कुणाला हवी असेल तर इनबॉक्स करा, आडनाव नाही लिहिलं तरी चालेल.