‘मातीचा फिल्टर म्हणजे धूळफेक’ या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार. एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण ‘टीडीएस फिल्टरच्या आधी ४१० आणि नंतर ४०५, म्हणजे माती काहीच करत नाही’ हे वाचून छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागातल्या आणखी कुणी फिल्टर बंद करायला नको, म्हणून इथेच लिहितो.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो. आमचा फिल्टर आहे तो बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक हे विष काढायला. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या दहापट आर्सेनिक असलं तरी मीटरवरचा आकडा जागचा हलणार नाही. क्षार काढतो असं आम्ही कधी म्हटलेलंच नाही. चवही बदलणार नाही, कारण आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंगही नाही. इथल्याच कौडीकसा गावचे लोक आर्सेनिकचं पाणी चांगलं समजूनच पीत होते, तळहात-तळपाय खरखरीत होईपर्यंत.

‘माती तर आमच्या शेतातही आहे’ म्हणता. आहे की, पण ती काळी. आम्ही वापरतो ती लाल, जांभ्याची. तिच्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात, आर्सेनिक चिकटतं ते त्यांना. आयआयटी खडगपूरने आम्ल-अल्कलीची प्रक्रिया केलेला जांभाच बंगालमध्ये यासाठी वापरला आहे. बोअरच्या पाण्यातलं काही आर्सेनिक मात्र अशा रूपात असतं की मातीला नीट चिकटत नाही. म्हणून आधी क्लोरिनचे थेंब टाकायला सांगतो. तो वास आवडत नाही म्हणून थेंब गाळू नका.

धार बारीक आहे ती मुद्दाम. पाणी मातीत थांबलं तरच काम होतं, त्यामुळे तोटी मोठी करून मिळणार नाही.

जुनी माती परत मागतो ती पुन्हा विकायला नव्हे! तिच्यात आर्सेनिक साठलेलं असतं, परसात टाकलीत तर ते पुन्हा तुमच्याच जमिनीत जाणार. आम्ही ती सिमेंटमध्ये कालवून ठोकळे करतो, दुकानामागे रचलेत, बघून घ्या.

आधीच्या आणि नंतरच्या पाण्याची एकेक बाटली घेऊन या. आर्सेनिक तपासायच्या किटमधली पावडर टाकली की वायू सुटतो आणि झाकणातल्या पट्टीवर रंग चढतो, आर्सेनिक जितकं जास्त तितकी पिवळी, मग तपकिरी. तुमच्यासमोर करू, पैसे घेणार नाही. तरी शंका राहिली तर पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, प्रयोगशाळेत नमुना द्या. गाळलेलं पाणी मर्यादेबाहेर निघालं तर माती बदलून देतो, नको असेल तर पैसे परत. फक्त रविवारी येऊ नका, दुकान बंद असतं.