विझत चाललेल्या जगांची ओढ

'डार्क सोल्स' हा व्हिडिओ गेम सुरू होतो तेव्हा त्या जगातलं सगळं मोठं आधीच घडून गेलेलं असतं. देवांची नगरी ओस पडलीय. ज्या पहिल्या आगीवर हे सगळं वैभव उभं राहिलं, ती विझत आलीय. ती आणखी थोडी टिकावी म्हणून ग्विन नावाच्या राजाने स्वतःला तिच्यात झोकून दिलं, त्यालाही युगं लोटलीत. शाप लागलेल्या माणसांना मरण येत नाही. ती पडतात, पुन्हा उठतात, आणि असं उठता उठता एक दिवस त्यांचं भान हरपतं. मग नुसता हिंडणारा देह उरतो. आपणही त्यांच्यातलेच एक, कोठडीत डांबलेले.

हा जपानी गेम 2011 साली आला. हिदेताका मियाझाकी त्याचे दिग्दर्शक. माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा गेम आहे हा, आणि तो खेळताना पाहिलं की आत्या हमखास म्हणते, "अगं, दिवसभर राबून येतेस आणि रात्री असल्या मसणवट्यात कशाला हिंडतेस?" ती काळजीने विचारते, म्हणून हे नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

एक उत्तर हल्ली पुष्कळदा ऐकू येतं: भयकथा म्हणजे संकटाचा सराव. कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत झालेल्या एका अभ्यासात भयपटांचे चाहते मानसिकदृष्ट्या जरा कमी खचलेले आढळले होते, त्याचा दाखला दिला जातो. असेलही तसं. पण मी सराव म्हणून खेळत नाही. आणि "दुसऱ्याचं दुःख बघितलं की आपलं हलकं वाटतं" हे तर मला मुळीच पटत नाही. त्यात एक क्रूरपणा आहे, आणि मी ज्यांना ओळखते त्या खेळणाऱ्यांमध्ये तो मला दिसलेला नाही.

मला तिथं जावंसं वाटतं, कारण त्या जगात कुणी खोटा धीर देत नाही. "सगळं छान होईल" असं कुणीच म्हणत नाही. त्यामुळे तिथं कुणी थोडीशी जरी मदत केली, तरी ती खरी आहे यावर माझा विश्वास बसतो.

या मदतीची गोष्ट मियाझाकींनी स्वतः एका मुलाखतीत सांगितली आहे. बर्फ पडत असताना ते गाडीने एक चढ चढत होते. पुढच्या गाड्या अडकल्या, चाकं घसरायला लागली. तेवढ्यात मागच्या गाडीने पुढच्या गाडीला हळूच ढकलायला सुरुवात केली, आणि असं एकमेकांना रेटत रांग वर निघाली. चढ पार झाल्यावर थांबून आभार मानायची सोय नव्हती, कारण थांबलं की पुन्हा अडकणार. रांगेतला शेवटचा माणूस घरी पोहोचला का, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनात राहिला. त्या आठवणीतून त्यांच्या खेळातली परक्यांच्या मदतीची पद्धत आकाराला आली.

ती पद्धत अशी. इथं दुसऱ्या खेळाडूशी गप्पा मारता येत नाहीत. जमिनीवर संदेश सोडता येतो, तोही ठरावीक शब्दसाठ्यातून जुळवलेला. पुढे कुणी दबा धरून बसलंय, सावध. शुभेच्छा. एवढंच. कुठे रक्ताचा डाग दिसतो. त्याला हात लावला की दुसरा कुणी तिथं कसा मेला ते क्षणभर सावलीसारखं दिसतं, आणि आपण तिथं जपून पाऊल टाकतो. फारच अडलं तर जमिनीवरच्या खुणेवरून एखाद्या अनोळखी खेळाडूला मदतीला बोलावता येतं. काम झालं की तो नाहीसा होतो. आधीच्या, 2009 च्या 'डीमन्स सोल्स'मध्ये तर आपला संदेश कुणाला उपयोगी वाटून त्याने तशी पसंती दिली की आपल्याला तिकडे बसल्या जागी ताकद परत मिळायची. कुठल्या तरी देशात कुणीतरी "बरं झालं सांगितलंस" म्हणतं आणि मरायला टेकलेले तुम्ही वाचता. मला हे फार सुंदर वाटतं. काही लोक कड्याच्या टोकावर "उडी मार" असं लिहून फसवतात, हेही खरं. पण फसवणूक शक्य असते म्हणूनच खऱ्या सूचनेला वजन येतं.

आणि सगळ्यांचाच जीव वाचत नाही. 'डार्क सोल्स'मध्ये कांद्याच्या आकाराचं चिलखत घातलेला सीगमायर नावाचा एक भला सरदार वाटेत पुन्हा पुन्हा भेटतो. कुठे ना कुठे अडकलेला असतो, आपण सोडवतो. प्रत्येक वेळी तो मनापासून आभार मानतो, आणि प्रत्येक वेळी आपण काहीच करू शकलो नाही ही जाणीव त्याला आतून खात जाते. तुम्ही त्याला शेवटपर्यंत जगवलंत, तर राखेच्या तळ्याकाठी त्याची मुलगी भेटते. भान हरपलेल्या बापाला तिला स्वतःच्या हाताने मारावं लागलेलं असतं. मदत करणाऱ्याने समोरच्याच्या मानाचा विचार केला का, हा प्रश्न मला कुठल्याही उपदेशाने इतका बोचला नव्हता.

आत्याच्या कपाटात जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' आहे, आणि तो तिने एकदाच वाचलाय असं नाही. 1972 च्या या संग्रहातही माणसांच्या मागे नियती हात धुऊन लागलेली असते. मदतीला तर तिथं क्वचितच कुणी येतं. तरी मराठी वाचक पन्नासहून अधिक वर्षं त्या पुस्तकाकडे परत परत जातात, कारण धारवाडच्या त्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने दुःखात पाणी घालून ते वाचकाला सोसेल असं केलं नाही. वाचणाऱ्याला एवढं झेपेल, हा विश्वास त्यांनी ठेवला. मियाझाकींचे खेळही तोच विश्वास ठेवतात. हे झेपणारी माणसं मूठभर नाहीत. 2022 च्या त्यांच्या 'एल्डन रिंग'च्या पहिल्या वर्षभरातच 2 कोटींहून जास्त प्रती खपल्या.

मात्र काळोख दिसला की मी भाळते असं नाही. हल्ली बऱ्याच मालिकांमध्ये रक्ताचे पाट वाहतात, बायकांवरचे अत्याचार नुसते धक्का द्यायला घातलेले असतात, एकही माणूस चांगला नसतो, आणि त्यालाच वास्तव म्हणतात. मला त्यात वास्तव दिसत नाही. कुणाचंच काही पणाला लागलेलं नसेल तर हरण्याला अर्थ काय राहिला? सीगमायरचं दुःख होतं ते तो भला होता म्हणून. वाईटाने गच्च भरलेलं जग मला गुळगुळीत सुखांताइतकंच खोटं वाटतं.

भाचीला आता हा खेळ सुरू करायचाय. तिला दोनच गोष्टी सांगितल्यात. इंटरनेट चालू ठेवून खेळ, नाहीतर लोकांनी लिहून ठेवलेलं काहीच दिसणार नाही. आणि जिथं तू फसून मरशील, तिथं पुढच्यासाठी एक ओळ लिहून ठेव.