बिल शून्य झालं, रात्र न्हाय गेली

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री आठ-साडेआठला आमची बैठक असते. समोर म्हैस पिळली जाते, फेसाळ दुधाचा पेला हातात येतो आणि मग कुठलाही विषय चालतो. परवा मात्र आण्णानं दूध सांगायच्या आधी खिशातनं विजेचं बिल काढलं.

आण्णाची शिरोलीत फौंड्री. "एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिटं जातात," तो म्हणाला. "म्हणून तर इतकी वर्षं भट्टी रात्री लावली. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागं दीड रुपया सूट होती. कामगारांची घरंदारं त्या पाळीवर बसली. आता सूट दिवसा नऊ ते पाच, आणि संध्याकाळी पाचनंतर बारापर्यंत जादा आकार. सगळं उलटं केलं की!"

"केलं न्हाय, झालंय," तात्या म्हणाला.

तात्या वीज मंडळातून निवृत्त. 2005 मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण तो अजून 'बोर्ड'च म्हणतो. त्यानं पेला खाली ठेवला. "पुष्टकाळात, दुधाच्या सुगीत, दूध मावत न्हाय, तेव्हा दूध संघ काय करतो? पावडर. विजेची पावडर करायची सोय आपल्याकडं फारशी नव्हती. तयार झाली त्याच क्षणाला खपली पाहिजे. पूर्वी विजेचा पुष्टकाळ रात्री असायचा. कोळशावरचा वीजनिर्मितीचा संच एकदा पेटवला की निम्म्याच्या खाली आणणं अवघड. गाव झोपलं तरी तो वीज ओततोयच. ती घालायची कुठं? तुझ्या भट्टीत आणि शेतकऱ्याच्या मोटरीत. आता सौर आलं आणि पुष्टकाळ दुपारी सरकला."

दाजी इतका वेळ गप्प होता. भोगावतीकाठी त्याचा चार एकर ऊस. "म्हंजे आम्ही जन्मभर रात्री पाणी पाजलं," तो सावकाश म्हणाला, "ते तुमच्या संचाची वीज मुरवायला?"

तात्यानं मान खाली घातली. "बऱ्यापैकी, व्हय."

मला ते ऐकून वडील आठवले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि पाचटात काय सळसळलं ते कळायच्या आत पाऊल पुढं पडलेलं. ते परत येऊन पाय धुवायचे तेव्हाच आई अंथरुणाला पाठ टेकायची. घोणस, गवा, तुटलेली तार, थंडी, हे सगळं शेतकऱ्याच्या वाट्याला येत होतं, कारण संच थंड करणं परवडत नव्हतं. याची भरपाई कुठल्याही दरपत्रकात कधी आली नाही, याचा मला राग आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये इथंच, कोल्हापुरात, शेतकरी दिवसा दहा तास वीज मागायला धरणं धरून बसले होते. तेव्हा शहरातल्या कितीतरी शहाण्यांनी त्याला हट्ट म्हटलं होतं.

"पण आता साडेसात एचपीपर्यंत बिलच न्हाय की तुम्हाला," आण्णा म्हणाला. "2024 पासून. आमच्या युनिटाच्या दरातच तुमची सबसिडी बसलेली असते."

"बिल शून्य झालं, रात्र न्हाय गेली," दाजी म्हणाला. "अजून आठवड्यातली निम्मी पाळी रात्रीचीच. तू सांग आण्णा, बिल घे आणि दिवस दे म्हटलं तर मी काय निवडीन?"

आण्णा काही बोलला नाही.

पिंट्या छतावरचं सोलर बसवून देतो. त्याला राहवेना. "आता दिवस बदलल्यात. जून 2025 मध्ये देशातली निम्मी क्षमता कोळसा-गॅसबाहेरची झाली. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी!"

"क्षमता," तात्यानं बोट उचललं. "शंभर युनिटं वापरलीस तर त्यातली सत्तरच्या आसपास अजून कोळशाचीच. सोलरचा एक मेगावॅट वर्षभरात त्याच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज देतो. गोठ्यात म्हशी किती, यावर डेअरी चालत न्हाय. दूध किती, यावर चालते."

मग बाजाराचं निघालं. वीज एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा लागतो. वर मर्यादा युनिटला 10 रुपये. मे 2025 मध्ये अवकाळीनं मागणी पडली तेव्हा दुपारचा भाव काही काळ शून्याला टेकला होता, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तोच भाव वरच्या मर्यादेला भिडतो.

"मग मी दुपारी थेट तिथनंच घेतो की," आण्णा म्हणाला.

"घे. बाहेरनं वीज घ्यायची मुभा, ओपन ॲक्सेस, 2003 च्या कायद्यातच हाय. पण वहन आकार, क्रॉस सबसिडी म्हणजे दुसऱ्याच्या स्वस्त विजेचा बोजा, अधिभार मिळवून काय पडतं ते आधी मांड. आणि एक्स्चेंजवर देशातली शंभरातली सात-आठ युनिटंच विकली जातात. बाकी बहुतेक वीज लांब मुदतीच्या करारात बांधलेली. वीज उचला न उचला, स्थिर आकार द्यावाच लागतो." तात्या थांबला. "आम्ही एन्रॉनचं दाभोळ बघितलंय. 1999 ला 740 मेगावॅट सुरू झालं, 2001 ला बोर्डानं वीज घेणं बंद केलं. परवडत नव्हती. म्हणून आज कुणी पुन्हा कोळशाचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार करू म्हटलं की मला भ्या वाटतं."

इथं मी तात्याच्या बाजूचा आहे. पुढच्या पंधरा वर्षांत विजेचा तुटवडा पडला तर तो युनिटांचा नसेल, संध्याकाळी सहा ते अकराचा असेल. त्या पाच तासांसाठी चोवीस तासांचा संच बांधणं म्हणजे एका पंगतीसाठी आचारी वर्षभर पगारावर ठेवणं.

"मग त्या पाच तासांचं काय?" पिंट्यानं विचारलं.

तात्याचा आवाज एकदम तरुण झाला. "कोयना! 1960 मेगावॅट. हाक मारली की काही मिनिटांत उभी राहते. पण पाणी मोजून. वीज करून पश्चिमेला सोडायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच." राहिली बॅटरी. 2022 च्या पहिल्या मोठ्या निविदेत एक मेगावॅटच्या साठवणीला महिन्याला 10 लाख 84 हजार भाडं निघालं होतं. नंतरच्या निविदांत ते दोन-सव्वादोन लाखांवर आलं. विजेची पावडर करणं इतकं स्वस्त होईल असं तात्यालाही वाटलं नव्हतं.

"आणि आमच्या भुदरगडात पाणी वर चढवून वीज साठवायचं चाललंय त्याचं?" दाजीनं विचारलं. "पाटगाव मधाचं गाव. लोकांनी विरोध केलाय. पाणी तिथलं, जंगल तिथलं, संध्याकाळचा दिवा कुणाच्या घरात?"

साठवण हवीच, असं मला वाटतं. पण बॅटरी उपकेंद्राच्या आवारात मावते, त्यामुळं डोंगर फोडायच्या आधी ती किती पुरते हे मोजलं पाहिजे, आणि मोजलेलं त्या गावासमोर मांडलं पाहिजे. तात्याला हे पटलं नाही. मोठी साठवण आठ-आठ तास लागते, तिथं डोंगरच लागतो, असं त्याचं म्हणणं. आम्ही दोघं त्यावर बराच वेळ भांडलो.

त्या भांडणात दाजीनं मूळ गोष्ट सांगितली. त्याच्या गावच्या उपकेंद्रालगत शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायचा, सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प येऊ घातलाय. झाला तर फिडर, म्हणजे पंपांची वीजवाहिनी, दिवसा चालेल, रात्रीची पाळी संपेल. मात्र जागा गायरानाची. मेगावॅटला चार-पाच एकर धरले तरी चराऊ कुरण बरंच जाणार.

"रातचं पाणी सुटतंय म्हणून पोरगा हो म्हणतोय," दाजी म्हणाला. "आणि म्हशी चारायच्या कुठं म्हणून आई न्हाय म्हणतीय."

समोरच्या म्हशीची धार संपली होती. मालकानं तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

"गावात मुरमाड माळ हाय का कुणाचा?" तात्यानं विचारलं. "खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं मिळतं. उपकेंद्रापासून पाचेक किलोमीटरात असला तर गायरानाला हात लावायचं कारणच न्हाय."

दाजीनं विचार केला. "हाय. पाटलांचा. कुसळंसुद्धा धड उगवत न्हाईत तिथं."

"ग्रामसभा कधी?"

"गुरुवारी."

"गाडी माझी," आण्णा म्हणाला. "तात्या, तुझे ते जुने नकाशे घे बरोबर."