कॅप्सूलची पूड जिभेखाली ठेवून पेनिसिलिनची ॲलर्जी कळत नाही

रविवारी सकाळी शिवाजी पेठेत आत्तीकडे गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून ॲमॉक्सिसिलिनची, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातल्या अँटिबायोटिकची, कॅप्सूल फोडत होती. जावेच्या दाढेसाठी आणलेल्या पाकिटातली उरलेली. बशीत पांढरी पूड, शेजारी मोबाईल आणि त्यावर तो मेसेज. आठ दिवस झाले, तालमीच्या, भिशीच्या, पाहुण्यांच्या ग्रुपवर तो फिरतोय: पेनिसिलिनची ॲलर्जी घरीच ओळखा. चिमूटभर पूड जिभेखाली धरा, पंधरा मिनिटांत काही झालं नाही तर औषध बिनधास्त घ्या. एकदा ॲलर्जी म्हणजे जन्माची. आईला असेल तर पोरांनाही. औषध बुरशीचं, म्हणून इडली-पाव बंद.

आत्तीच्या फाईलवर लहानपणापासून 'पेनिसिलिन ॲलर्जी' असं लाल शाईत लिहिलंय. आणि ती जिभेखाली पूड धरायला निघालेली!

खरी ॲलर्जी असेल तर तेवढी चिमूटही पुरते. काही मिनिटांत अंगभर पित्त उठतं, ओठ-घसा सुजतो, धाप लागते, बीपी कोसळतं. त्या वेळी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. ते कुणाच्या फडताळात असतं? बरं, पंधरा मिनिटांत काही झालं नाही, म्हणून औषध चालेल असंही नाही. काही ॲलर्जी दोन-चार दिवसांनी अंगावर उमटते. दवाखान्यातली तपासणी वेगळीच असते. आधी ॲलर्जीच्या, सर्दीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवतात. मग ठरावीक द्रावणाचा थेंब टाकून त्वचेला टोचतात, पुढे कातडीच्या थरातच देतात. शेजारी नुसत्या सलाईनचा आणि हिस्टामिनचा, म्हणजे त्वचेवर हमखास गांधी उठवणाऱ्या रसायनाचा, थेंब तुलनेला असतो. त्यात काही निघालं नाही तर तोंडानं औषध देऊन, समोर बसवून लक्ष ठेवतात.

'जन्माची' हेही चूक. २०१९ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात या विषयाचा मोठा आढावा आला. अमेरिकेतले साधारण १० टक्के रुग्ण आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगतात, पण त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक जणांना पेनिसिलिन चालू शकतं. लगेच उठणारी खरी ॲलर्जीसुद्धा दहा वर्षांत ८० टक्के लोकांची ओसरते. फाईलवरच्या त्या दोन शब्दांपायी नेमकं लागू पडणारं औषध टाळलं जातं, भलतीच जोरदार अँटिबायोटिक्स द्यावी लागतात आणि औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. हा तोटा त्या मेसेजमध्ये कुठंच नाही.

एक मात्र मान्य करतो. औषधानं तोंडात फोड येऊन कातडी सोलली असेल, तर ते औषध पुन्हा घ्यायचं नाही, तपासणीलाही नाही. अशा लोकांपुरतं 'जन्माची' खरं.

आईचं लेबल पोरांना लागत नाही. बुरशीचं म्हणाल तर इडली-पावाचा पेनिसिलिनशी काही संबंध नाही, खुशाल खा. नुसती मळमळ किंवा जुलाब हा औषधाचा त्रास झाला, ॲलर्जी नव्हे.

डॉक्टर आधी विचारतील: कुठलं औषध, किती वर्षांपूर्वी, किती वेळानं, नेमकं काय झालं? आत्तीला यातलं एकही सांगता येईना. मग कागलला थोरल्या आत्तीला फोन लावला. ती म्हणाली, "नऊ वर्षांची असंल. ताप होता, तिसऱ्या दिवशी अंगावर बारीक पुरळ आलं. दम बिम काही लागला नव्हता." एवढंच मी फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. गुरुवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे जातोय.