स्टुडिओतून इस्लामाबाद कसं घ्यावं

उद्यापरवा सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि नेमकी तेव्हाच एखादी वृत्तवाहिनी तुमच्या हाती आली, तर गांगरू नका. सैन्याला रसद लागते, दारूगोळा लागतो, हवामानाचा अंदाज लागतो. तुम्हाला एक ग्राफिक्सवाला, एक सायरन आणि एसी नीट चालणारा हॉल पुरतो. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात हे सिद्ध झालेलं आहे. त्या चार दिवसांचा अभ्यास केलात तर पुढचं युद्ध तुम्हाला झोपेतही चालवता येईल.

सुरुवात सरकारी पत्रक वाचण्यापासून करा. २२ एप्रिलला काश्मीरमध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. त्यात डोंबिवली, पुणे, पनवेल इथली, आपल्या महाराष्ट्रातली सहा होती. चारच दिवसांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना पत्रक काढलं: लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण नको, सैन्याच्या हालचाली दाखवायच्या नाहीत, ‘सूत्रांच्या हवाल्याने’ही काही सांगायचं नाही. सोबत केबल टीव्ही नियमांमधला ६(१)(पी). म्हणजे दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई चालू असताना नेमलेला अधिकारी अधूनमधून जेवढं सांगेल, तेवढंच दाखवायचं. नियम वाईट नाही. २६/११ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसच्या छतावर कोण कुठून उतरतंय हे आपण जगाला दाखवलं आणि पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांनी ते बघून आत फोन केले. कसाबच्या खटल्याच्या निकालात, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वाहिन्यांचे कान उपटले होते.

पण तुम्ही हुशार आहात. पत्रक पुन्हा वाचा. सैन्याच्या खऱ्या हालचाली दाखवायला मनाई आहे. न झालेल्या हालचालींबद्दल त्यात एक अक्षर नाही! ८ मेच्या रात्री आपल्या मोठमोठ्या वाहिन्यांनी या पत्रकाचं इतकं काटेकोर पालन केलं, की खऱ्या युद्धातली जवळजवळ एकही गोष्ट पडद्यावर आली नाही. आयएनएस विक्रांतने कराची बंदर भाजून काढलं. इस्लामाबाद पडलं. पाकिस्तानात सत्तापालट झाला, लष्करप्रमुख असीम मुनीर यांना अटक झाली. यातलं काहीच घडलेलं नसल्यामुळे शत्रूला त्यातून कसलीही गोपनीय माहिती मिळाली नाही. यापेक्षा मोठी देशसेवा कोणती?

आता तंत्राकडे या. अटारीहून लाहोर, तिथून रावी, चिनाब, झेलम ओलांडून इस्लामाबाद. फौजेला हा प्रवास म्हणजे पूल, रणगाडे आणि प्रेतं. तुम्हाला एक जाहिरात-विश्रांती. १७५८ साली राघोबादादांच्या फौजेने लाहोर घेतलं आणि अटक गाठलं, तर आपण आजतागायत ‘अटकेपार झेंडे’ म्हणतोय. आणि अटक तर इस्लामाबादच्याही पुढे, सिंधूच्या काठावर. त्या रात्री एखाद्या अस्सल मराठी अँकरच्या हाती नकाशा असता, तर त्याने इस्लामाबादेत चहा घेऊन पुढचा टप्पाही उरकला असता. संधी हुकली, एवढंच म्हणायचं.

वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकायला विसरू नका. ‘कराची उद्ध्वस्त’ असं लिहिलं तर पुरावा मागतील. ‘कराची उद्ध्वस्त?’ असं लिहिलं की तो प्रश्न झाला, आणि प्रश्न विचारणं हा तर पत्रकाराचा धर्म. अक्षरं पंधरा इंची लाल ठेवा, प्रश्नचिन्ह मुंगीएवढं. सोबत चित्रं हवीत. ती शोधायला सीमेवर जायची गरज नाही. क्षेपणास्त्रं हवेतच अडवणाऱ्या इस्रायलच्या आयर्न डोमची जुनी दृश्यं, व्हिडिओ गेममधली विमानं, दुसऱ्याच कुठल्या तरी देशातला स्फोट, असला सगळा माल त्या आठवड्यात सीमेच्या दोन्ही बाजूंना सढळ हाताने फिरत होता.

निवृत्त अधिकारी बोलावताना मिशा पाहून बोलवा. एखादा भला माणूस स्क्रीनवर येऊन “आपण अधिकृत माहितीची वाट पाहूया” म्हणायला लागला, तर त्याचा आवाज गेलाय असं सांगून पुढच्या चौकटीकडे वळा.

त्या रात्री साताऱ्यात आमच्या इमारतीत काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमचा प्रेक्षक कोण हे कळेल. पावणेबाराला सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: ‘कराची संपली’, पुढे सहा झेंडे. कुणीतरी दिवाळीची उरलेली माळ लावली, ती दमट निघाली, चार बार वाजून विझली. उकाडा म्हणून खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून सुभेदार काका बसले होते. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. दोघातिघांनी जाऊन बातमी दिली: काका, इस्लामाबादेत शिरली आपली माणसं. काकांनी मान वर केली. “शिरली? मग लंगर कुठं लागलाय म्हणं?” कुणालाच कळेना. “अरं, एवढी माणसं आत घातली तर भाकरीचं कोण बघतंय? पोरं उपाशीच लढत्यात व्हय?” कुणी काही बोललं नाही. “काका, तुम्ही झोपा आता,” असं सेक्रेटरीच म्हणाले. काकांनी खुर्ची मिटली आणि ते झोपायला गेले.

असला प्रेक्षक टाळा. लंगरचा हिशेब मागणाऱ्याला युद्धातला थरार कळत नाही.

यात एक गंमत लक्षात घ्या. त्या सगळ्या दिवसांत सगळ्यात मोजून-मापून कोण बोललं असेल, तर गणवेशातली माणसं. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग पत्रकार परिषदेत कागदावर जेवढं होतं तेवढंच बोलायच्या. ११ मेला एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले, आमचं काम लक्ष्य टिपणं, प्रेतं मोजणं नाही. त्याच दिवशी नौदलाचे व्हाइस अॅडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं, की नौदल कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर मारा करायच्या तयारीत होतं. तयारीत! म्हणजे तीन रात्रींपूर्वी आपण जे बंदर जाळून मोकळे झालो होतो, त्यावर नौदल अजून नुसता नेम धरून होतं. ज्यांनी ४ डिसेंबर १९७१ ला निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका घेऊन खरोखरच कराची हादरवली, त्या नौदलाला २०२५ मध्ये आपल्या पराक्रमाची बातमी टीव्हीवरून कळावी, याला तुम्ही काय म्हणाल? मी तर समन्वय म्हणतो.

सरकारशी नातं कसं ठेवावं, याची चिंता करू नका. ते आपोआप जुळतं. तुम्हाला कुणी फोन करून ‘इस्लामाबाद घ्या’ असं सांगणार नाही, सांगायची गरजही नाही. सरकार गप्प बसेल, गप्प बसल्याने पोकळी होईल, ती तुम्ही भराल. सरकारला खोटं बोलावं लागणार नाही आणि तुम्हाला विचारावं लागणार नाही. दोघांचाही हात स्वच्छ. रागावलेच तर बारीकसारीक कारणावरून रागावतील. १० मेला नागरी संरक्षण महासंचालनालयाने वाहिन्यांना बजावलं, की कार्यक्रमात हवाई हल्ल्याचा सायरन वाजवू नका, लोकांना खऱ्या सायरनचं भय उरणार नाही. कराची जाळल्याबद्दल अवाक्षर नाही. भोंगा मात्र खटकला.

कारवाई कुणावर होते हेही पाहून ठेवा. ८ मेला एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने सांगितलं, की भारतात ८,००० हून अधिक खाती बंद करण्याचे सरकारी आदेश आलेत. ९ मेला ‘द वायर’ हे बातम्यांचं संकेतस्थळ भारतात उघडेना. इस्लामाबाद घेणाऱ्या एकाही वाहिनीचा पडदा मात्र काळा झाला नाही. धडा कळला ना?

पूंछमध्ये ७ मेला पाकिस्तानी तोफमाऱ्यात एका मदरशाचे शिक्षक मारले गेले. आपल्या काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवून टाकलं. पूंछ पोलिसांनी ते खोटं असल्याचं जाहीर केलं. इथे विनोद करता येत नाही. तुम्हीही करू नका, फक्त पुढच्या बातमीवर जा. त्या वाहिन्या तशाच गेल्या.

शेजारी काय करतो तेही शिका. पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांना सीएनएनने विचारलं, भारताची विमानं पाडल्याचा पुरावा काय? ते म्हणाले, सोशल मीडियावर सगळीकडे आहे की! पुढच्याच आठवड्यात त्यांचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी सिनेटमध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मधला पाकिस्तानी हवाई दलाचा गौरव वाचून दाखवला. ते पान बनावट होतं. ते उघड केलं त्यांच्याच ‘डॉन’ या दैनिकाने. आपल्याकडे असला ‘डॉन’ मोठा होणार नाही याची काळजी घ्या.

युद्ध थांबलं की तुमची खरी परीक्षा. १० मेच्या संध्याकाळी शस्त्रविराम झाल्याचं आधी वॉशिंग्टनहून ट्रम्प यांनी सांगितलं, मग आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी. विजय अंगणात आलेला असताना हा माणूस दार लावतोय म्हणून लोक त्यांच्यावर तुटून पडले. सचिवांना एक्सवरचं खातं कुलूपबंद करावं लागलं. तुम्ही दोन दिवस आधी इस्लामाबाद घेऊन ठेवलेलं असतं ना, त्यामुळे प्रेक्षकाला ते परत का दिलं हे कळत नाही. समजावू नका. माफी मागावीच लागली तर पटकन, दोन वाक्यांत, पुढच्या बातमीला चिकटवून मागा.

आपली विमानं पडली की नाही, हा प्रश्न स्टुडिओत कुणी काढू देऊ नका. त्याचं उत्तर ३१ मेला संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापूरला परदेशी वृत्तसंस्थांना दिलं: पडली, पण किती ते महत्त्वाचं नाही, का पडली ते महत्त्वाचं. देशातल्या एवढ्या वाहिन्यांमध्ये हे सांगायला जागा नव्हती. सगळ्या खिडक्या पॅनेलवाल्यांनी अडवल्या होत्या.

आणि असीम मुनीर? आपण ज्यांना अटक केली, त्यांना २० मेला त्यांच्या सरकारने फील्ड मार्शल केलं.

सायरनची फाईल तेवढी पुसू नका. २६ मेला मुंबईत पाऊस सोळा दिवस आधी थडकला, नव्याकोऱ्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं. तिथे कंबरभर पाण्यात अँकर उतरवायचा असेल, तर पार्श्वसंगीत आयतं तयार आहे.